अंजनाचं पहिलं वर्ष

आषाढ लागला की आमच्या पूर्वेकडच्या माळावर ढगांची नाटक कंपनी उतरते. वारा पडदा ओढतो, भर दुपारी अंधारून येतं, लांब कुठंतरी नगारा घुमतो. कोंबड्या आडोशाला पळतात, बाया दोरीवरची लुगडी ओढून घरात टाकतात, म्हातारी माणसं मुद्दाम ओसरीवर येऊन बसतात. आणि मग काहीच होत नाही. कंपनी तशीच पुढं निघून जाते. खरा खेळ पाटणकडच्या डोंगरात झालेला असतो. आम्हाला दिसतात त्या नुसत्या सामानाच्या गाड्या.

यंदाही तेच चाललंय. काल मी उंबऱ्यात उभी राहून त्या ढगांना चांगल्या ठेवणीतल्या शिव्या हासडल्या. सून आतून म्हणाली, "आवं आत्ती, ढगास्नी काय ऐकू येतंय व्हय?"

म्हटलं, "त्यास्नी न्हाई येत गं. पर मला लय बरं वाटतंय."

हे शिक्षण मला माझ्या सासूनं दिलं. मीही त्यांना आत्तीच म्हणायची. उंच, ताठ, अंगावर मांस म्हणून नाही, आणि आवाज असा की शेजारच्या शिवारातली पाखरं उठावीत. त्यांच्या शिव्यांत शिस्त होती. आधी नक्षत्राला, मग वाऱ्याला, मग पाटणच्या डोंगराला आणि शेवटी, मी ऐकत असले तर, माझ्या माहेराला.

माझं माहेर इस्लामपूरकडचं, कृष्णेच्या काठचं. डोक्याच्या वर ऊस, पायाखाली ओल. तिथं गवत म्हणजे वैरी. चालायला शिकले त्याच सुमारास माझ्या हातात खुरपं आलं असावं. हिरवं पातं दिसलं की हात आपोआप खाली जायचा. अशी मी, लग्न होऊन आले कुठं, तर जिथं एका पात्यासाठी बाई ढगांशी भांडते तिथं!

लग्नातच ठिणगी पडली होती. माझ्या वडलांच्या तोंडाला कधी झाकण नव्हतं. पंगतीत ते मोठ्यानं म्हणाले, "पोरगी देतोय, पर संगं पान्याची घागर बी देतो. तुमच्याकडं म्हनं कावळा बी चोच भिजवायला परगावी जातोय!" सगळा मांडव हसला. आत्ती हसल्या नाहीत. पानावरचा घास खाली ठेवून म्हणाल्या, "पावनं, आमचं जनावर तुमच्या दावनीला आलं, तर मग बोला." मांडवात कुणी ते मनावर घेतलं नाही. आत्तींनी स्वतःच घेतलं.

लढाईचे दिवस होते. आमचे मालक पलटणीत, समुद्रापार कुठंतरी. सासरे मी यायच्या आधीच गेलेले. घरात आम्ही दोघी आणि शेवंती. शेवंती म्हणजे आत्तींची खिलार गाय. पांढरी, लांब शिंगांची, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. आत्ती माझ्याशी बोलत नसत इतकं तिच्याशी बोलत. पहाटे उठून आधी तिच्या पाठीवर हात, मग चूल. मी थोडी जळायची, खोटं कशाला बोलू. एकदा तर मी आत्तींना ऐकू जाईल असं हंबरून पाहिलं. आतून आवाज आला, "तुला बी वैरन पायजे का?"

आणि त्या साली वैरणच संपली.

आधीच्या वर्षी ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळली होती, त्यामुळं कडब्याची गंजी मुळातच बुटकी. उन्हाळ्यात ती रोज खाली खाली बसत गेली. मृग कोरडा गेला. आर्द्रा लागल्या आणि ढगांच्या गाड्या सुरू झाल्या. मला अजून त्या दिवसांचा वास येतो: तापलेल्या दगडांचा, बोराटीच्या पाल्याचा, आटत चाललेल्या विहिरीतल्या शेवाळाचा. आमच्या ताटात हुलग्याचं माडगं आणि शेवंतीपुढं बाभळीच्या शेंगा. गावातली माणसं जनावरं घेऊन जगायला चालली होती. कुणी फलटणच्या कालव्याकडं, कुणी कृष्णाकाठी नात्यागोत्यात. जो तो जाता जाता आमच्या दारात थांबून म्हणायचा, "आवं, तुमचा इवाई तर उसात लोळतोय! गाय तिकडं का धाडत न्हाई? वाढ्यानं सुधरंल की." वाढं म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. माझ्या माहेरी ते बांधावर कुजायचं.

आत्ती म्हणायच्या, "माझी गाय हितंच जगंल." आणि मी मान खाली घालून माडगं प्यायची.

तर, हितंच जगायचं कसं? याचं उत्तर त्यांना धुळाबानं दिलं होतं. धुळाबा हा धनगर. दरवर्षी सुगीनंतर त्याची मेंढरं आमच्या पडीक रानात बसायची, म्हणजे रानाला खत आणि त्याला शेर-पायली धान्य. त्यानं कधीतरी सांगितलं होतं की माणकडच्या माळावर अंजन नावाचं गवत आहे. एकदा धरलं की वर्षानुवर्षं हटत नाही. वरून वाळून काडी झालं तरी मुळात जीव राखून असतं, आणि एक सर आली की फुटतं. आत्तींनी त्याच्या मागं लागून त्या उन्हाळ्यात बी मागवलं. त्यानंही कुठल्या विहिरीच्या ओलीवर नुकतंच धरलेलं, ताजं ताजं बी ओरबाडून पोतं भरून आणलं.

आता आमच्या लोकांना गवत उपटायचं कसं हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. गवत पेरायचं कसं, हा प्रश्न कुणाच्या बापजन्मी पडला नव्हता. पण पेरणी म्हणजे पाभर, यात आत्तींना शंका नव्हती. "पेरायचं तर रीतसर पेरायचं. गवत झालं म्हनून काय भिकाऱ्यावानी फेकायचं?" भावकीतला गणूदादा आपली बैलं आणि पाभर घेऊन आला. बैलांना कुंकू लावलं, पाभरीला हळद वाहिली, आणि चाड्यावर मूठ धरायला मला उभं केलं.

चाडं म्हणजे पाभरीवरची लाकडी वाटी. त्यात मुठीनं बी सोडायचं, ते नळांतून घरंगळत जमिनीत जातं. ज्वारी सोडताना कसा पैंजणांसारखा आवाज येतो! आणि हे अंजनाचं बी? केसाळ, हलकं, कापसाच्या भावकीतलं. मूठ सोडली की चाड्यात नुसतं गोळा होऊन बसायचं. वारा आला की उठून माझ्या केसांत, गणूदादाच्या मिशांत, बैलांच्या कानांत.

"वैनी, बी पडतंय न्हवं?" गणूदादा मागं न बघता ओरडला.

"पडतंय की!"

"मग माझ्या तोंडात काय आलं हे?"

आत्ती पाभरीच्या मागून हिवराची काठी घेऊन चालत होत्या. नळ तुंबला की "व्हा म्होरं!" म्हणून आत काठी खुपसायच्या. रानाच्या कडेला उभी असलेली माणसं पोट धरून हसत होती. एक जण म्हणाला, "आत्याबाई, हरळी बी पेरा की, आमच्या रानातनं फुकट न्या!" आत्तींनी काठी वर केली, तो पळाला. आणि मग त्यांनी ती गोष्ट केली जी फक्त जीव लावून पेरणारा माणूसच करतो. गणूदादाला म्हणाल्या, "गड्या, पाभर दाबून धर. उन्हाचा ताप हाय. बी खोल जाऊ दे, जळाया नगं." ज्वारीहून बोटभर खोलच गेलं ते. गणूदादानं फळी फिरवून माती वरून अशी घट्ट केली की जणू आत ठेवा पुरलाय.

मग वाट बघणं. दिवसातून कितीदा आत्ती तिकडं जायच्या, उकिडव्या बसून नखानं माती उकरायच्या, परत झाकायच्या. मधे एक बारकी सर आली, तरीही काही नाही. छपराचा जुना काड काढून शेवंतीला घालायला सुरुवात झाली. म्हणजे पाऊस नाही म्हणून छपराची गरज नाही, आणि छप्पर नाही म्हणून... जाऊ दे. तिच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या. दावणीतून उठताना तिला आधी गुडघ्यांवर थांबून विचार करावा लागे. आत्ती तिच्या कानाशी काय बोलत कोण जाणे. माझ्याशी मात्र बोलायच्याच बंद झाल्या.

आणि अशा एका सकाळी धुळाबाच्या मेंढरांच्या जुन्या जागेकडं शेण्या वेचायला गेले, तर तिथं हिरवं! माझा हात सवयीनं खाली गेला. उपटणार तेवढ्यात त्या पात्याच्या बुडाशी लोकरीचा पुंजका दिसला. मी अशी ओरडले की आत्ती खराटा टाकून धावत आल्या. त्यांना वाटलं साप निघाला.

त्यांनी वाकून तो पुंजका बोटांनी चाचपला. मग धुळाबाला बोलावणं गेलं. तो बिचारा गुन्हेगारासारखा उभा राहिला. "आक्का, राग मानू नगा. गेल्या साली हितं मेंढरं कातरली. माणकडनं येताना लोकरीत ह्या बियाचं काटं लय गुतल्यालं. बायकू म्हनली, ही घान कोन निवडत बसनार. तवा गुतल्याली लोकर कापून हितंच टाकली."

"म्हंजी वर्साचं जुनं बी?"

"व्हय."

"पुरलं न्हाईस?"

"कशाला पुरू? मेंढरं तुडवून गेली तेवढीच."

आत्तींनी तो पुंजका चोळून बी तळहातावर घेतलं. मला वाटलं आता रडतील. त्या म्हणाल्या, "पोरी, टोपली आन."

कुंपणाच्या काट्यांत अडकलेले, दगडांखाली दबलेले लोकरीचे जेवढे पुंजके मिळाले तेवढे आम्ही वेचले. ओलसर माती आणि लेंडीखत यांत ते बी चोळलं, म्हणजे वाऱ्यावर उडायला नको. गोठ्यामागच्या तुकड्यात जमीन नुसती ओरखडली, बी हातानं फेकलं, वरून बोराटीची फांदी ओढली आणि धुळाबाची मेंढरं एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवली. आधीचे उगवलेले ठोंबही विळ्यानं फोडून, शेंडे छाटून, मुळांसकट तिथंच लावले. भिकाऱ्यावाणी फेकलं, आणि एका सरीवर आलं. सर तरी कसली, जाता जाता कुणी चूळ भरावी तशी.

आताशा तालुक्याकडची पोरं सायकलीवरून विचारायला येतात, "काकू, अंजन कसं लावायचं?" मी सांगते: बी वर्षभर जुनं घ्या, ताजं झोपलेलं असतं. पेराएवढंही पुरू नका. ठोंब लावायचे तर भर पावसात लावा. आणि पहिल्या वर्षी त्यात जनावर सोडू नका. बी पिकून झडू द्या, मग चार बोटं बुडखा राखून विळ्यानं कापा. पोरं मान डोलावतात. सोपं आहे म्हणतात. मी ते जनावराचं परत सांगते. ते परत म्हणतात, सोपं आहे.

पहिल्या वर्षी अंजन दिसायला गवत असतं, पण मुळांनी अजून जमीन धरलेली नसते. गाय पातं तोडत नाही, ओढते. ओढलं की सगळा ठोंब वर. हे धुळाबानं आत्तींना बजावून सांगितलं होतं. म्हणून आत्तींनी त्या तुकड्याला काट्यांचं कुंपण केलं आणि स्वतः काठी घेऊन तिथं बसल्या. सगळ्या गावात हिरवं तेवढंच. आणि समोर, दावणीत, शेवंती. तिला ते दिसायचं. वास यायचा. ती हंबरायची नाही. नुसती मान तिकडं करून उभी राहायची. आत्ती तिच्याकडं पाठ करून बसायच्या.

गणूदादा एकदा म्हणाला, "आत्याबाई, गाय मेल्यावर हे गवत कुनाला घालनार?"

आत्ती म्हणाल्या, "आज घातलं तर उद्या काय घालू, ते सांग."

तो पागोटं सावरत निघून गेला. जगात कितीतरी गोष्टी वाढवायच्या म्हणजे त्यांना हात लावायचा नाही, एवढंच करायचं असतं. आणि त्याइतकं अवघड दुसरं काही मी केलेलं नाही. पुढं मुलं वाढवताना, घरात सून आल्यावर, कितीदा वाटलं की जरा ओढून बघावं, धरलंय का. आत्तींची ती पाठ आठवून हात मागं घेतला. नेहमी घेतलाच असं नाही.

एका दुपारी शेवंतीनं दावं तोडलं. अंगात एवढी ताकद कुठून आली देव जाणे. आम्ही दोघी विहिरीवर होतो. येऊन बघतो तर कुंपण मोडलेलं, तिच्या नाकपुड्यांतून काट्यांनी रक्त आलेलं, आणि ती आत उभी. तोंडातून पाती लोंबतायत आणि पात्यांच्या टोकाला मुळं. आत्तींनी काठी उचलली. त्या गाईवर आजवर त्यांनी आवाजसुद्धा चढवला नव्हता. काठी पाठीवर बसली. हाडावर काठी बसल्याचा तो आवाज! पुढचा तडाखा नाही मारला त्यांनी. काठी टाकली, तिच्या जबड्यात हात घातला आणि अर्धवट चावलेले ठोंब ओढून बाहेर काढले. लाळेनं भिजलेले ते ठोंब गुडघ्यांवर बसून एकेक करून परत मातीत लावायला लागल्या. शेवंती बाजूला उभी राहून त्यांचा खांदा चाटत होती. घामाचं मीठ चाटायला मिळतं म्हणून असेल. मी ते मायेचं म्हणणार नाही. भुकेल्या माणसानं आणि भुकेल्या जनावरानं काय केलं याला मी नावं देत नाही.

सगळे ठोंब लावून झाल्यावर आत्ती माती झटकत उठल्या. "दोनी हितं ऱ्हायची न्हाईत," म्हणाल्या. म्हणजे गाय आणि गवत. "भाकरी बांध. तुझ्या म्हायेरी जायाचं हाय."

गवताच्या राखणीला धुळाबाला बसवलं आणि निघालो. उन्हं टाळत, वाटेत झाडाखाली मुक्काम करत, शेवंतीच्या चालीनं. ती थांबली की आम्ही थांबायचं. आत्तींनी वाटभर ढगांनाही शिवी घातली नाही. कृष्णाकाठची काळी माती लागली, पाटाचं पाणी दिसलं, तसा त्यांनी पदर डोक्यावरून आणखी खाली ओढला.

वडील ओट्यावर बसले होते. आम्हाला बघून धावत आले. "इहीनबाई! या, या, आत या."

आत्ती अंगणातच उभ्या राहिल्या. दावं मुठीत घट्ट. "आत याया न्हाई आले. माझी गाय तुमच्या दावनीला आलीया. आता बोला काय बोलायचं ते."

वडलांच्या तोंडाला मी त्या दिवशी पहिल्यांदा झाकण पडलेलं पाहिलं. ते गोठ्यात गेले, आपला बैल सोडून बाहेर बांधला आणि ती जागा स्वतःच्या हातानं झाडली. आत्तींनी शेवंतीला तिथं बांधलं. गाठ पुन्हा पुन्हा ओढून बघितली. आईनं गूळ-पाणी आणलं. त्यांनी पाण्याचा एक घोट घेतला, उरलेलं शेवंतीच्या नाकाला लावलं. मला म्हणाल्या, "तू ऱ्हा तिच्याजवळ. एकदम वाढं घालू नगंस, पोट फुगंल. थोडं थोडं." आणि उभ्या पावली परत फिरल्या.

मी मागं धावले. "आवं आत्ती, आजच्या दीस तरी ऱ्हावा!"

"गवताला कोन हाय तिथं?" त्या चालतच राहिल्या. मागं शेवंती हंबरली. पावसाळाभर न हंबरलेली गाय. आत्तींची मान वळली नाही. इथल्या गाईसाठी तिथलं गवत राखायला एक बाई भर उन्हात एकटी निघाली होती, आणि तिच्या मागं माझं सगळं माहेर हिरवंगार उभं होतं.

शेवंती सुधारली. आधी घासघास, मग पेंढीपेंढी. दसऱ्यापर्यंत तिच्या अंगावर तकाकी आली. मीही सुधारले, आई म्हणायची. मला मात्र घास गिळताना तिकडची हकिकत डोळ्यांपुढं यायची. येणाजाणाऱ्याकडून कळायचं, उत्तरा नक्षत्रात थोडा पाऊस झाला, आत्ती रोज त्या कुंपणाशीच असतात.

दिवाळी झाल्यावर माझा भाऊ आणि मी शेवंतीला घेऊन निघालो. भावानं वाटेसाठी वाढ्याची मोळी घेतली होती. थांबलो की तो तिला हातानं भरवायचा. पोचलो तेव्हा दिवस कलायला लागला होता. आत्ती कुंपणाशी उभ्या. मी त्यांना ओळखलं ते लुगड्यावरून. आणि त्यांच्या मागं अंजन. गुडघ्याच्या वर आलेलं, बुडाशी हिरवं, शेंड्याला सोनेरी, केसाळ तुरे झडून गेलेले. एका पात्याला विळा लागलेला नव्हता.

आत्तींनी शेवंतीच्या पाठीवरून हात फिरवला. जिथं काठी बसली होती तिथं हात थांबला. मग विळा घेऊन त्या आत गेल्या. गणूदादा आला, धुळाबा आला, शेजारच्या बाया जमल्या. आत्तींनी बसून, चार बोटं बुडखा राखून, पहिली कवळी कापली. माती झटकली, एकही मूळ नाही ना बघितलं, आणि ओटी भरायला आणावी तशी दोन्ही हातांवर ती घेऊन शेवंतीपुढं ठेवली.

शेवंतीनं हुंगलं. एक मोठा सुस्कारा सोडला. आणि तोंड फिरवून माझ्या भावाच्या हाताकडं बघू लागली.

धरणी दुभंगावी असं मला झालं. भाऊ कसनुसा होऊन हात पाठीमागं लपवू लागला. "सवय झाली तिला," तो पुटपुटला. गणूदादानं मिशा चोळल्या. धुळाबा मेंढरांना हाका मारायच्या निमित्तानं दुसरीकडं बघायला लागला, तिथं मेंढरं नव्हती.

आत्ती त्या गवताकडं बघत होत्या. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर आलं. आधी खोकल्यासारखं, मग मोठ्यानं. त्या हसत होत्या! हसत हसत खाली बसल्या, पदर तोंडात धरला, खांदे गदगदत होते. थांबेचनात. मधेच ते हसणं आहे का दुसरं काही, ते कळेनासं झालं, आणि विचारायची कुणाची छाती नव्हती.

"आवं आत्ती," मी म्हणाले, "मी हातानं भरवून बघू का?"

"नगं." त्यांनी डोळे पुसले, विळा उचलला. "पडू दे तिच्याम्होरं. भूक लागंल तिला." आणि गोठ्याकडं वळता वळता, जणू मला नव्हे तर माळालाच सांगावं तसं म्हणाल्या, "हितं लागतीच."